कॉट बेसिसवरचे भांडवलदार

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांत, खोलीचे नव्हे तर केवळ एका खाटेचे भाडे भरून राहण्याची जी ‘कॉट बेसिस’ नावाची पद्धत विद्यार्थ्यांमुळे रुजली, तिच्या आश्रयाने अलीकडे विद्यापीठीय गुंतवणूकदार ही प्रजाती फोफावली असून तिची दखल घेणे अगत्याचे झाले आहे. महिन्याच्या आरंभी वडिलांनी गावाहून धाडलेली रक्कम हेच या वीस-एकवीस वर्षांच्या गृहस्थाचे भांडवल असते. मात्र त्याच्या बोलण्यात ते ‘पोर्टफोलिओ’, म्हणजे समग्र गुंतवणुकीचा संच, या भारदस्त नावाने वावरते. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यापासून दुपारी साडेतीनला तो मिटेपर्यंत मागच्या बाकावरील त्याची मान वर होत नाही, आणि प्राध्यापकांना ती एकाग्रतेची खूण वाटते.

त्याचा ओढा विशेषतः ऑप्शनकडे असतो. ठरावीक मुदतीत ठरावीक भावाने खरेदी वा विक्री करण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन, आणि त्या हक्कासाठी मोजलेले पैसे म्हणजे प्रीमियम. निर्देशांक जागचा हलला नाही तरी मुदत सरेल तसे ते झिजत जाते. या झिजेला ‘थीटा’ म्हणतात, हे तो टपरीवर चहा पिता पिता कोणालाही समजावून देईल; परंतु न जेवलेल्या दिवसांचे पैसे, म्हणजे खाडे, मेसच्या बिलातून वळते करून घ्यायचे तर आधी कळवावे लागते, हे ध्यानात ठेवणे त्याला कमीपणाचे वाटते. खाड्यांचा हिशेब मेसच्या काकूंच्या वहीत असतो. त्या वहीला थीटा ठाऊक नाही, पण ती तोट्यात गेल्याचेही ऐकिवात नाही.

वीस तारखेच्या सुमारास पोर्टफोलिओ आटोपतो. या नुकसानीला ‘बाजाराची फी’ असे नाव देऊन, महाविद्यालयाची फी भरण्यासाठी मोबाइलवरून झटपट कर्ज काढले जाते. दरमहा शेकडा तीन मागणाऱ्या सावकाराची पायरी आजोबांनी जन्मभर टाळली, आणि तेच व्याज नातू ‘प्री-अप्रूव्ह्ड’, म्हणजे न मागताच मंजूर झालेले, म्हणून अभिमानाने पत्करतो. (चक्रवाढ व्याज आठवीत शिकवले जाते, हे खरे, पण ते परीक्षेतील गुणांपुरते.) हप्ता चुकला की सिबिल गुणांक, म्हणजे परतफेडीच्या सवयीवरून ठरणारा 300 ते 900 मधला आकडा, घसरतो, तथापि घसरलेला कोणताही आकडा पुन्हा चढतोच, या सिद्धान्तावर त्याची अढळ निष्ठा असते.

भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. हा आकडा त्याला तोंडपाठ असतो, आणि उरलेल्या 7 टक्क्यांत आपली गणना होते याविषयी त्याच्या मनात किंतु नसतो. याच अभ्यासात अशीही नोंद आहे की, या व्यवहारांतील तिशीच्या आतल्यांचे प्रमाण 2022-23 मध्ये 31 टक्के होते, ते पुढच्याच वर्षी 43 टक्क्यांवर गेले.