फक्त शेतीविषयक बोला!

महाराष्ट्रात शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गावागणिक आणि पिकागणिक आहेत, पण त्या सगळ्यांची घटना एकच आहे. कलम पहिलं : ग्रुपवर फक्त शेतीविषयक मजकूर टाकावा. कलम दुसरं : गुड मॉर्निंग, राजकारण, जात-धर्म आणि जाहिरात बंद. कलम तिसरं : नियम मोडणाऱ्याला कोणतीही पूर्वसूचना न देता काढण्यात येईल. अ‍ॅडमिन ही घटना रात्री जेवणं उरकल्यावर टाकतो. तिला धडाधड अंगठे मिळतात. आणि सकाळी सहाच्या आत त्याच अंगठेवाल्यांपैकी कुणीतरी उगवता सूर्य, गायवासरू आणि एक सुविचार असा तिहेरी फोटो टाकून मोकळा होतो. अ‍ॅडमिननं हटकलं तर उत्तर तयारच असतं : 'फोटोत गाय आहे, साहेब. गाय शेतीत येत नाही का?'

अ‍ॅडमिनची सगळी हयात या प्रश्नावर जाते. शेतीत काय येतं आणि काय येत नाही याची हद्द त्यानं आज आखली, तरी शेजाऱ्याच्या नांगरानं दरवर्षी वीतभर सरकणाऱ्या बांधागत ती उद्या आणखी आत आलेली असते.

हा अ‍ॅडमिन बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. बीएस्सी अ‍ॅग्री केलेला, किंवा करता करता राहिलेला. सातबारा वडिलांच्या नावावर असतो, ग्रुप तेवढा याच्या. त्यामुळे शेतात जो अधिकार गाजवता येत नाही, तो इथे गाजवण्याची थोडी हौस असते. पूर्वी एका ग्रुपात २५६ माणसं मावायची. म्हणून 'द्राक्ष मार्गदर्शन १', 'द्राक्ष मार्गदर्शन २' असे तुकडे पडले आणि एक नंबरच्या ग्रुपातले लोक चार नंबरवाल्यांशी जरा मानेनं ताठ बोलू लागले. २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. त्याच वर्षी दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकायची सोयही अ‍ॅडमिनच्या हातात आली. त्याआधी त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या, हात जोडायचे किंवा माणूस काढायचा.

त्याच्या डोक्यावर टांगलेली एक तलवार मात्र न्यायालयानं उतरवून ठेवली आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की, संगनमत नसेल तर सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन फौजदारीदृष्ट्या जबाबदार धरला जात नाही. म्हणजे कायद्यानं तो सुटला. पण गावच्या चहाच्या टपरीवर त्याची सुटका कोणतंही खंडपीठ करू शकत नाही.

ग्रुपचं खरं काम चालतं ते फोटोंवर. जुलै-ऑगस्टमध्ये कुणीतरी सोयाबीनचं एक पान तळहातावर ठेवून फोटो पाठवतो. फोटोत पानापेक्षा अंगठा जास्त स्पष्ट असतो. खाली मजकूर : 'पान पिवळं पडतंय, काय फवारू?' पाच मिनिटांत निदानं येतात. मोझॅक आहे. लोह कमी आहे. पाणी साचलंय. तणनाशकाचा शॉक बसलाय. चक्रीभुंगा आहे, देठ बघा. एक आबा दरवेळी 'युरिया टाका' एवढंच लिहितात. त्यांनी एकदा शेळीच्या फोटोखालीही तेच लिहिलं होतं, असं त्यांचे विरोधक सांगतात.

मग कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर मधे पडतात आणि आधी विचारायला हवा होता तो प्रश्न शेवटी विचारतात : पिवळेपणा शेंड्याच्या नव्या पानावर आहे की बुडाच्या जुन्या? शिरा हिरव्या आहेत का? कारण नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या रानात ती हमखास दिसते. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. हिरव्या पानावर पिवळे चट्टे विखुरलेले असतील तर मोझॅकचा संशय घ्यायचा आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त बघायचा. सरांनी एवढं नीट टाइप करेपर्यंत संध्याकाळ होते. फोटोवाला तेव्हा उगवतो : 'झालं सर, फवारलं.' काय फवारलं? 'दुकानदारानं दिलं ते.'

हा दुकानदारही ग्रुपातच असतो, आणि इथं दुसरी लढाई सुरू होते. कृषी सेवा केंद्रवाल्यानं एखाद्या औषधाचं नाव सुचवलं तर तो सल्ला की जाहिरात? नियमाप्रमाणं जाहिरात बंद. म्हणून कंपनीचे प्रतिनिधी शेतकऱ्याच्या वेशात येतात. प्रोफाइलला बैलजोडी, नावापुढं 'पाटील', आणि भाषा अशी : 'मी स्वतः वापरलंय, रिझल्ट लय भारी.' रिझल्ट ही चीज ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, ती कशात मोजायची हे कुणीच सांगत नाही. एखादा चिवट सदस्य विचारतो, 'फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळीचे फोटो शेजारी-शेजारी टाका.' त्यावर बैलजोडीवाल्या पाटलांचं नेटवर्क दोन दिवस जातं.

कपाशीच्या ग्रुपवर भांडणं अधिक घरगुती असतात. एकानं फोटो टाकला, कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, अरुंद. जाणकारांनी लगेच ओळखलं : टू-फोर-डी. हे तणनाशक ऊस-ज्वारीतल्या रुंद पानाच्या तणांवर मारतात आणि कपाशीला त्याचा नुसता वारा लागला तरी ती अशी वाकडी होते. 'बांधाला लागून कुणी मारलं का, भाऊ?' भाऊनं लिहिलं, 'मारलं ना! ज्यानं मारलं तो हाच मेसेज वाचतोय.' निळ्या टिकांची संख्या वाढली. बऱ्याच वेळानं उत्तर आलं : 'वाऱ्याला विचारा.' अ‍ॅडमिननं घाईघाईनं जाहीर केलं की वैयक्तिक वाद पर्सनलवर घ्यावेत. लोकांनी हरकत घेतली. बांधावरच्या तणनाशकापेक्षा शेतीविषयक आणखी काय असतं?

एका वादाला मात्र सगळ्या द्राक्षग्रुपांवर मुक्तद्वार आहे. तो बोर्डो मिश्रणाचा. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, इथवर सगळ्यांचं एकमत. पण मोरचुदात चुना ओतायचा, की चुन्यात मोरचूद, की दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात? या प्रश्नावर निफाडचे आणि तासगावचे लोक ऑक्टोबर छाटणीपासून थंडी पडेपर्यंत लढू शकतात. शास्त्र चुन्यात मोरचूद हळूहळू ओता किंवा दोन्ही एकदम तिसऱ्यात ओता असं सांगतं, आणि भांडं लोखंडाचं नको म्हणतं. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. एका सदस्यानं तसा विळ्याचा फोटो टाकला. थर कुठला आणि गंज कुठला हे ओळखता येईना. 'आधी विळा घासा, मग बोर्डो तपासा,' असं तासगावहून आलं. निफाडहून आलं, 'आमच्याकडं विळे वापरात असतात, गंजत नाहीत.'

या मिश्रणाचा जन्मच मुळी राखणीतून झालेला आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे खायचे, म्हणून बागायतदार मोरचूद-चुन्याचा निळसर, किळसवाणा सडा त्यांच्यावर मारायचे. त्याच वेलींवर डाउनी हा बुरशीरोग येत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. ही माहिती ग्रुपवर आली तेव्हा एका बागायतदारानं लगेच विचारलं, पाहुण्यांसाठी डोस किती ठेवायचा?

थट्टेचा खास हंगाम ऊसवाल्यांचा. वाळव्याकडचा एखादा गडी 'एकरी १०० टन' असा फोटो टाकतो. ऊस त्याच्या डोक्याच्या वर दोन पुरुष गेलेला. हिशेब पाठ असतो : एकरात ४० हजार ऊस पक्के धरायचे, एकेक अडीच किलोचा, झाले १०० टन. गणितात खोट काढता येत नाही, म्हणून लोक इतर ठिकाणी काढतात. 'आमच्याकडंही ४० हजार होते. त्यातले तीस हजार डुकरांनी मोजले.' 'अडसालीचे १०० टन दीड वर्षाचे असतात, आमच्या दोन पिकांचे पैसे धरून बोला, भावा.' 'शेतात १०० होते, काट्यावर किती राहिले?' हा शेवटचा प्रश्न आला की अ‍ॅडमिन सावध होतो, कारण ग्रुपात कारखान्याचे शेतकी अधिकारी आहेत. मग यवतमाळचा कापूसवाला सुस्कारा टाकतो : 'राजेहो, तुम्ही टनात बोलता, आम्ही क्विंटलात. मधे एक भाषांतरकार बसवा.' आणि कुणीतरी हळूच बॉम्ब टाकतं. याच १०० टनवाल्यांच्या चिरंजीवांचा बायोडाटा कालच दुसऱ्या ग्रुपवर फिरत होता. त्यात शेती शेवटच्या ओळीत होती आणि पहिल्या ओळीत 'पुण्यात नोकरी'.

पावसाळ्यात थट्टेला आकडे फुटतात. कोकणातला आंबेवाला सहज लिहून जातो, 'काल २४ तासांत २०० मिमी.' माणदेशातून विचारणा होते, 'थोडा फॉरवर्ड करा की.' उत्तर येतं, 'एका वेळी पाचच जणांना जातो.' २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर घातलेली पाचची मर्यादा अशी कामी येते.

पण याच मिलिमीटरवरून हसणं थांबतंही. नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरायची तर २४ तासांत ६५ मिमी पाऊस लागतो, आणि तो मोजणारं यंत्र असतं महसूल मंडळात एका जागी. शेत दहा किलोमीटरवर. ६४ मिमीत वाहून गेलेलं पीक स्वतःच्या मर्जीनं गेलं असं समजायचं. एका सदस्यानं चिखलात आडव्या झालेल्या सोयाबीनचा फोटो टाकला, खाली मंडळाचा आकडा टाकला, आणि त्याखाली आमदारांचं नाव. अ‍ॅडमिननं पुसलं. का पुसलं? राजकारण म्हणून. मग आकडा का ठेवला? हवामान म्हणून. 'हवामानाचं यंत्र कुठं बसवायचं हे कोण ठरवतं, दादा?' या प्रश्नाला अ‍ॅडमिननं फक्त हात जोडलेला इमोजी पाठवला.

कांद्याच्या ग्रुपवर तर त्या कलम दोनची पार वाट लागली. केंद्र सरकारनं ७ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली. आता ही बातमी बाजारभावाची की राजकारणाची? ती न टाकावी तर ग्रुप कशाला, आणि टाकावी तर पुढच्या प्रतिक्रिया छापण्याजोग्या नसणार. अशा वेळी अ‍ॅडमिननं तोडगा काढावा : भाव लिहा, नाव कुणाचं घेऊ नका. आणि शेतकऱ्यानं त्यावर उपतोडगा काढावा. हवामानाला परवानगी आहे ना? मग सगळे वेधशाळेच्या भाषेत बोलू लागतात. 'दिल्लीत कमी दाबाचा पट्टा, लासलगावात गारपीट.' 'राजधानीकडून कोरडे वारे, चाळीत ओलावा टिकून.' ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के निर्यातशुल्क घेऊन उठली. त्या दिवशीचा अंदाज : 'आकाश अंशतः निरभ्र, छत्री सोबत ठेवावी.' एकही नियम मोडला गेला नाही. अ‍ॅडमिनलाही काही पुसता येईना, तोही कांदेवालाच.

कधी कधी खरोखर माणूस काढावा लागतो. अमुक यांना काढले, अशी राखाडी ओळ उमटते आणि ग्रुप थोडा वेळ चिडीचूप होतो. पण काढण्याची ही सजा शहरातल्या सोसायटीत चालते, गावात टिकत नाही. ज्याला रात्री काढलं, त्याचाच ट्रॅक्टर सकाळी रोटर मारायला लागतो. किंवा तो बायकोच्या मामाचा साडू निघतो. दुपारपर्यंत मध्यस्थ फिरतात, संध्याकाळी तो परत येतो आणि त्याचा पहिला मेसेज असतो : 'मधल्या वेळात बाजारभाव कुणी टाकले असतील तर परत टाका.' रागानं आपणहून 'लेफ्ट' होणारे वेगळे. ते जाताना लांब निरोप लिहितात, लोकांनी समजूत घालायला वेळ मिळावा म्हणून थांबतात, आणि कुणीच घातली नाही तर स्वतःचा ग्रुप काढतात. त्याचं नाव तेच असतं, पुढं फक्त 'ओरिजिनल' जोडलेलं. नियम? फक्त शेतीविषयक मजकूर टाकावा.

शेवटी पुष्कळ ठिकाणी अ‍ॅडमिननं हात टेकले आणि वाटणी केली. एक मुख्य ग्रुप, तिथं फक्त अ‍ॅडमिन लिहिणार : शिवारफेरी, चर्चासत्र, फवारणीचं वेळापत्रक. दुसरा 'पारावरच्या गप्पा', तिथं राजकारण, लग्नं, शर्यतीचे बैल, विनोद, सगळं चालेल. मुख्य ग्रुप महिन्याभरात सामसूम झाला. वेळापत्रक टाकायचं, अंगठे मोजायचे, संपलं. गप्पांच्या ग्रुपवर मात्र रात्री अकरालाही माणसं जागी असतात, त्यामुळे डाउनीचा ठिपका दिसला की लोक फोटो तिथंच टाकतात आणि निवृत्त सरही तिथंच उत्तर देतात. परवा तिथं बोर्डोवरून निफाड-तासगाव पुन्हा जुंपलं. रात्रभर विळ्यांचे फोटो आले. तेव्हा शर्यतीच्या बैलांचा व्हिडिओ टाकण्यासाठी ताटकळलेल्या एका काकांनी वैतागून लिहिलं, 'अ‍ॅडमिन साहेब, हा गप्पांचा ग्रुप आहे. शेतीचे मेसेज टाकणाऱ्यांना समज द्या.'