नऊ आठवडे आणि नवऱ्याची सही

18 वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही. 1971 साली कायदा झाला तेव्हापासून लागत नाही. संमती तिची एकटीची पुरते. पालकाची सही लागते ती मुलगी अल्पवयीन असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल तरच. तरीही कितीतरी दवाखान्यांत पहिला प्रश्न हाच असतो, ‘मिस्टर आलेत का बरोबर?’ मिस्टर ड्युटीवर असतात, परगावी असतात, काहींना सांगायचीच सोय नसते. बाई परत जाते. आठवडा जातो.

हा आठवडा फार महाग आहे. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवड्यांची, आणि हे आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली हे कळतं तेव्हाच चार आठवडे संपलेले असतात. ‘येईल दोन दिवसांत’ म्हणण्यात पाचवा जातो. पाळी अनियमित असेल तर सहावा-सातवाही कळत नाही. उरलेल्या दिवसांत पैसे जमवायचे, सोनोग्राफी करायची, सासूला कळू द्यायचं नाही, आणि वर ही सही.

गोळ्या मात्र खरोखर चांगल्या आहेत, हे ठणकावून सांगायला हवं. किटमध्ये पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, चार मिसोप्रोस्टॉलच्या. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्यांनी पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. मुदतीत, नीट सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर शंभरातल्या 95हून अधिक बायकांचं काम एवढ्यावर पूर्ण होतं. भूल नाही, टेबल नाही, क्युरेटिंग नाही.

पण उरलेल्या दोन-चार जणींचं काय, हे काउंटरवर कोण सांगतं? काही मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय किट देतात, कागदात गुंडाळून, मान वर न करता. चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहेच. त्याहून वाईट म्हणजे सोबत एक शब्द येत नाही. मग कुणी पाचही गोळ्या एकदम गिळतं. कुणी पहिलीनंतर काहीच झालं नाही म्हणून घाबरून दुसरं किट आणतं. खरं तर पहिलीनंतर बहुतेकींना फारसं काही जाणवत नाही. पोटात कळा आणि जोराचं अंगावरून जाणं सुरू होतं ते चार गोळ्यांनंतर, काही तासांत. पुढे दहा-बारा दिवस थोडंथोडं जात राहतं, तेही नेहमीचंच. धोक्याची खूण वेगळी आहे: तासाला दोन मोठे पॅड भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर घरात बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग शून्य. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं सुटले, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त फारच कमी असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गोळ्यांचा मार्गच नको. थोडा भाग आत राहिला तर पिशवी साफ करावी लागते. आणि गर्भ तसाच वाढत राहिला तर ‘आता राहू दे’ म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण मिसोप्रोस्टॉलने बाळात व्यंग येऊ शकतं. गर्भपात पूर्ण झाल्यावरही लघवीची चाचणी तीन-चार आठवडे होकारार्थी येऊ शकते, म्हणून आठव्या दिवशी दोन रेघा बघून धास्तावण्यात अर्थ नसतो. दोन आठवड्यांनी तपासणीला जाण्यात असतो.

संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची ती आय-पिल वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला पाडत नाही.

आता सरकारची गोष्ट. 2012 साली परळीत मुलींचे गर्भ पाडणाऱ्या डॉक्टरचं प्रकरण उघडकीला आलं आणि स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध राज्यात मोहीम निघाली. मोहीम हवीच होती. पण तिच्या वरवंट्याखाली हे किटही आलं. विक्रीच्या नोंदी, तपासण्या, नोटिसा. दुकानदारांनी किट ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची चिठ्ठी हातात असलेली बाईही दुकानं पालथी घालू लागली. सोनोग्राफीत लिंग कळायला बारा-तेरा आठवडे तरी लागतात. गोळ्यांची मुदत नवव्या आठवड्यात संपते. मुलगी आहे की मुलगा हे कळायच्या आधीच जे औषध वापरून होतं, त्याला अडवून मुली कशा वाचणार? लिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना पकडायला मेहनत लागते. मेडिकलवाल्याला दमात घेणं सोपं असतं.

औषध दडवल्याने गर्भपात थांबत नाहीत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे कोटीहून जास्त वेळा सल्ला दिला तो दुकानदाराने, शेजारणीने, नाहीतर कुणीच नाही.

ज्या समितीच्या अहवालातून 1971चा कायदा आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. असुरक्षित गर्भपातात बायका मरत होत्या म्हणून ती समिती नेमली गेली. त्याच महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडे मागणं फार मोठं नाही. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर नऊ आठवड्यांपर्यंत या गोळ्या देऊ शकतो. असे डॉक्टर तालुक्या-तालुक्यात तयार करा, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किट ठेवा, त्यासोबत मोठ्या अक्षरांत मराठी पत्रक द्या. आणि डॉक्टरांनो, नवऱ्याची सही मागणं आजपासून बंद करा.