अजून उमललं नाही!

आमच्या लातुरात सगळ्यांना सगळं लवकर हवं असतं. पोराचा दहावीचा पेपर संपतो आणि त्याच संध्याकाळी त्याची अकरावीची शिकवणी सुरू होते. लातूर पॅटर्नच्या या गावात उशीर झाल्याचा अभिमान मिरवणारा माणूस एकच. कंदकाका.

कंदकाका प्रत्येक कॉलनीत एक असतो. सेवानिवृत्त, खांद्यावर पंचा, हातात खुरपं आणि अंगणात रिकाम्या कुंड्यांची रांग. 'रिकाम्या' म्हटलं की त्याला लागतं. "रिकामी नाही ती. झोपलीय." कुंडीत फुटबॉल लिलीचा कंद असतो. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतात आणि कंद मातीखाली जो ताणून देतो, तो उन्हाळा तापल्यावरच कूस बदलतो. लोक तिला मे फ्लॉवर म्हणतात. काकांना हे नाव मंजूर नाही. मे महिन्यात कुणाचीही फुलते; खानदानी कंद मृग बघितल्याशिवाय डोकं वर काढत नाही, असं त्यांचं मत आहे.

फूल मात्र बघण्यासारखं. धड पानंही फुटलेली नसताना जाड देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला लालभडक गोळा. एका गोळ्यात 200 पर्यंत बारकी फुलं. आठ-दहा दिवसांत सामना संपतो. काकांचं समालोचन बारमाही.

या छंदाचा खरा शत्रू स्वयंपाकघरात राहतो. काकूंना मोकळी माती दिसली की त्या धने टाकतात. कोथिंबीर उपटताना कंद उपटला जातो आणि घरात दोन दिवस अबोला. एकदा तर काकांनी वाळत घातलेला कंद थेट पोह्यांच्या पाटावर गेला. विळीवर पहिला काप पडला, पण डोळ्यांना पाणी आलं नाही, तेव्हा काकूंना संशय आला. कंद विषारी असतो. त्या दिवशी सगळं घर बिनकांद्याच्या पोह्यांवर वाचलं.

काकांचा विसराळूपणा वेगळाच. कुठल्या कुंडीत कोण झोपलंय, हे त्यांना आठवत नाही. त्यांचा मुलगा इंग्लंडात असतो. त्याने एकदा फोनवर तिकडच्या स्नोड्रॉपची कथा सांगितली. बोटभर उंचीचं, मान खाली घातलेलं पांढरं फूल. बहुतेक जाती जानेवारी-फेब्रुवारीत येतात. पण खरे दर्दी सगळ्यांच्या मागून येणाऱ्या जातींची वाट बघतात आणि आतल्या पाकळीवरचा हिरवा ठिपका बघायला चिखलात गुडघे टेकतात. 2015 साली तिथे एक कंद 1,390 पौंडांना गेला होता.

"म्हणजे किती?"

"तेव्हाचे सव्वा लाखाच्या वर, बाबा."

काकूंनी आतून विचारलं, "किलोला?"

पुढे मुलगा म्हणाला, याच स्नोड्रॉपमध्ये सापडलेल्या एका रसायनाचं विसरण्याच्या आजारावर औषध झालंय. काकांनी ते लिहून ठेवलं. कुठे लिहिलं, ते सापडत नाही.

तेव्हापासून मात्र काकांनी सोयरीक जुळवली. स्नोड्रॉपच्या शास्त्रीय नावाचा अर्थ दूधफूल. फुटबॉल लिलीच्या जुन्या शास्त्रीय नावाचा अर्थ रक्तफूल. कुळ दोघांचं एकच. "दूध तिकडं गेलं, रक्त इकडं राहिलं," असं काका येईल त्याला ऐकवू लागले. एका कृषी पदवीधर भाच्याने घोटाळा केला. नव्या वर्गीकरणात कांदा-लसूणही त्याच कुळात आहेत, असं तो बोलून गेला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे त्या दिवशी मी परक्याला नव्हतं कापलं!"

2016 च्या उन्हाळ्यात काकांची कसोटी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी भरायच्या जागी जमावबंदी होती. अशा दिवसांत कुंडीला पाणी घालणं म्हणजे भर चौकात दागिने मोडून खाणं. काका पहाटे अंधारात उठायचे, कुंडीवर वाकून दात घासायचे आणि चूळ कंदाला द्यायचे. कुणी बघितलंच तर म्हणायचे, "बेसिन तुंबलंय."

पण काकांची खरी लढत नांदेडच्या साडूशी. लग्नात दोघांना सासऱ्यांनी एकेक घड्याळ दिलं; कंद मात्र एकाच गड्ड्याचे दोन तुकडे. तेव्हापासून कुणाचं फूल उशिरा येतं, यावर इभ्रत ठरते. नांदेड खाली गोदाकाठी, लातूर वर बालाघाटाच्या पठारावर. त्यामुळे आपला उशीर नैसर्गिक आणि साडूचा बनावट, हा काकांचा सिद्धांत. ते म्हणतात, साडू कुंडी कूलरपुढे ठेवतो. साडू म्हणतो, लातूरवाले पाणीच घालत नाहीत, फुलणार कशानं?

मेच्या शेवटापासून रोज फोन.

"काय पाव्हणं, फुललालंय का?"

"छे! अजून मान पण नाही काढली. तुमचं?"

"आमचं तर झोपलंय निवांत."

यंदा मृगाच्या पहिल्या सरीनंतर सकाळी मी दूध घ्यायला निघालो, तर काकांच्या कुंडीवर पूर्ण उमललेला लाल गोळा. मी फाटकातूनच ओरडलो, "काका, अभिनंदन!" काकांनी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. साडूच. आणि या वेळी व्हिडिओ कॉल. काकांनी झटदिशी भाकरीचं टोपलं उचलून कुंडीवर पालथं घातलं आणि फोन तोंडासमोर धरला.

"नाही हो पाव्हणं. अजून उमललं नाही."

"आमचं पण नाही बघा."

मी काकांच्या खांद्यावरून डोकावलो. पडद्यावर नांदेडचं अंगण, साडूचा हसरा चेहरा आणि त्याच्या मागे ओट्यावर पालथं घातलेलं एक टोपलं.