चाखायचं नाही!

नमुना तपासल्याशिवाय भट्टीतलं पोलाद ओतायचं नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम. नैवेद्य दाखवल्याशिवाय शिऱ्याचा कणही जिभेला लावायचा नाही, हा आमच्या आईचा पहिला नियम. त्यामुळे दिवसभर मी कारखान्यात प्रत्येक गोष्टीवर संशय घेतो आणि घरी आलो की स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभा राहतो.

रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून आमची उरला नावाची औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, भट्ट्या, चिमण्या आणि या सगळ्यांची मिळून होणारी काळी धूळ. इथल्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघतो. इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळून 1600 अंशांच्या आसपास पोचलं की मेल्टर लांब दांड्याच्या चमच्याने थोडं पोलाद काढतो आणि छोट्या साच्यात ओततो. ती वडी गार करायची, घासायची, स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायची. फे 500 डी जातीच्या सळईत कार्बन 0.25 टक्क्याच्या वर चालत नाही. गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी 0.040 च्या आत हवेत. मँगनीज कमी निघालं तर वरून टाका, पुन्हा चमचा, पुन्हा वडी. आमटीत मीठ घालून परत चाखतात, त्यातलीच गत.

पण आमच्या घरात आमटीही चाखत नाहीत. निदान सणावारी तरी नाही.

आमचं मूळ घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. 1741 साली भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर आले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार असे बरेच मराठी लोक छत्तीसगडात आले नि इथलेच झाले. आमची बोली निम्मी हिंदी झाली, पोळीबरोबर चीला आणि फरा आला, पोळ्याला ठेठरी-खुरमी आली. नैवेद्याच्या नियमांत मात्र आईने एका काना-मात्रेचा फरक होऊ दिलेला नाही. पाण्याचा चौकोन, त्यावर ताट, ताटाला तुळशीच्या पानाने पाणी फिरवायचं, मग प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहापासून ब्रह्मणे स्वाहापर्यंत सहा घास. या ताटात मीठ वेगळं वाढायचं नाही. म्हणजे बघा: शिजताना चाखायचं नाही, आणि कमी पडलंच तर देवाला वरून घ्यायचीही सोय नाही. एवढंच काय, वास घ्यायचा नाही असंही आई म्हणते. फोडणी पडली की ती चेहरा असा बाजूला वळवते, जणू समोरून कुणी उधारीवाला येतो आहे.

तुळशीचा तर वेगळाच अध्याय आहे. उरल्यात प्रत्येक तुळस ही कृष्णतुळसच असते. सकाळी पुसलेलं पान दुपारपर्यंत काजळ धरतं. आई एकेक पान नळाखाली धरून दोन्ही बाजूंनी चोळते, उजेडात बघते आणि पुन्हा चोळते. तिची ती तपासणी बघितली की मला वाटतं, आमच्या प्रयोगशाळेत ही असती तर निम्म्या हीट, म्हणजे भट्टीतले घाणे, परत गेल्या असत्या. एकदा तसं म्हणालोही. "पान तपासायला बंदी नाही," ती म्हणाली, "चाखायला आहे."

मग मी माझ्याकडचं सगळ्यात भारी अस्त्र काढलं. शिवरीनारायण काही फार लांब नाही. महानदीला शिवनाथ आणि जोंक येऊन मिळतात तिथे. तिथल्या लोकांच्या श्रद्धेनुसार शबरीचा आश्रम तोच. "आई," मी म्हटलं, "आपण राहतो तो मुलूख शबरीचा. तिने एकेक बोर चाखून रामाला दिलं. शंभर टक्के नमुना तपासणी! आणि रामाने तक्रार केली नाही."

वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांचा हा प्रसंग नाही, तो नंतरचा आहे, हे मला ठाऊक होतं. आईला ते ठाऊक नसावं अशी आशा होती. पण तिने त्या वाटेला जायचीही तसदी घेतली नाही.

"शबरीने जन्मभर वाट बघितली," ती म्हणाली. "तू पान वाढल्यावर आरती संपेपर्यंत थांबत नाहीस. आधी वाट बघायला शीक, मग चाख."

माझी खरी तक्रार नैवेद्यानंतर सुरू होते. एकदा देवाला दाखवलं की तो प्रसाद, आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. आधी तपासणी नाही, नंतर तक्रार नाही! असा माल बाजारात आणणारा कारखाना आठवडाभरात बंद पडेल. बरं, प्रसाद घेतला नाही तरी चालत नाही. सत्यनारायणाच्या पोथीतल्या कलावतीने नवरा आल्याच्या आनंदात प्रसाद घ्यायचा टाळला, तर नवऱ्यासकट नाव गडप झाली. ग्राहकावर इतकी कडक अट कुठल्याही कंपनीने घातल्याचं मी ऐकलेलं नाही. तपासणीशिवायचा हा कारभार सरकारलाही जाणवला असावा. देवळांच्या स्वयंपाकघरांची नोंदणी, प्रशिक्षण, तपासणी करायची 'भोग' नावाची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने काढली ती उगीच नाही.

आणि तरीही आईचा सत्यनारायणाचा शिरा बिघडलेला मी पाहिलेला नाही. कॉलनीत शेजाऱ्यांकडे सत्यनारायण असला की पंजिरी आणि चरणामृत मिळतं. पंजिरी छानच असते. फक्त ती तोंडात असताना जयजयकार करायचा नाही, समोरच्याच्या शर्टावर प्रसाद होतो. आमच्याकडे मात्र शिराच. रवा सव्वा, साखर सव्वा, साजूक तूप सव्वा, दूध, केळं, वेलची. दरवेळी तोच रंग, तेच दाणे, तीच चव. न चाखता!

याचं उत्तर मला विश्वकर्मा जयंतीला मिळालं. 17 सप्टेंबरला उरल्यात क्रेनपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हार पडतो. जिच्यावर एरवी शिव्यांची लाखोली वाहतात त्या रोलिंग मिललाही त्या दिवशी कुंकू लावतात. आमच्या कँटीनच्या मागे हलवाई पुऱ्या, आलू-टमाटर आणि बुंदी करतो. आईने ठरवलं की कारखान्याच्या देवाला आपल्या हातचा शिरा जायला हवा, आणि तोही तिथेच केलेला.

हलवायाने रस्सा ढवळला, झाऱ्यावरून दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले आणि मान डोलावली. आईने ते बघितलं. मग आपली शेगडी उचलवून पाच हात पलीकडे न्यायला लावली.

आमचे सगळ्यात जुने मेल्टर, ज्यांना अख्खा कारखाना कका म्हणतो, ते मदतीला म्हणून शेजारी येऊन बसले. हे कका भट्टीत निळ्या काचेतून बघतात आणि सांगतात, कार्बन जास्त आहे. मी तरीही वडी काढतो, घासतो, स्पेक्ट्रोवर ठेवतो, आणि पडद्यावर आकडा उमटतो: कार्बन जास्त. आता ते शिऱ्याकडे तशाच डोळ्यांनी बघत होते. रवा आधी पांढरा होता, मग त्याला बदामी झाक आली, उलथन्याला जड लागणारं मिश्रण हलकं झालं. आईने दूध ओतलं, वाफेचा लोट उठला, साखर गेली. दोघंही बोलत नव्हते. मग कढईच्या कडेला तुपाची एक चकाकती रेघ दिसली.

"दाई, घीव छोड़त हे," कका म्हणाले, "अब उतार ले."

"उतरवतेच आहे," आई म्हणाली. कढई खाली आली, वर केळीचं पान, त्यावर परात. उरल्याच्या धुळीला दोन झाकणं लागतातच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाखायची मुभा असली की माणूस निर्धास्त होतो. चुकलं तर दुरुस्त करू म्हणतो. ती मुभाच काढून घेतली की मापाकडे, आचेकडे, रंगाकडे, उलथन्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावं लागतं. तिरुपतीच्या लाडवांचं असंच आहे. तिथे 5100 लाडवांच्या घाण्याला बेसन, साखर, तूप, काजू किती, याचं प्रमाणच बांधलेलं असतं. त्याला दित्तम म्हणतात. गुणवत्ता शेवटी तपासून येत नाही, ती करतानाच यावी लागते, हे वाक्य आमच्या प्रशिक्षणात दर वर्षी मोठ्या पडद्यावर दाखवतात. आईने ते पडद्याशिवाय दाखवलं.

भारावून मी तिला म्हणालो, "आई, म्हणजे मलाही नमुने काढायची गरज नाही. ककांची नजर पुरे."

"खुळा आहेस का?" ती म्हणाली. "शिऱ्यात साखर कमी पडली तर देव चालवून घेतो. तुझ्या सळया लोकांच्या डोक्यावर स्लॅबमध्ये जातात. तू चाखूनच घेत जा हो!"

पूजा झाली, नैवेद्य झाला. पहिली पाळी सुटली तेव्हा आई फाटकापाशी पातेलं घेऊन उभी होती. बस चुकेल म्हणून सटकणाऱ्या एका पोराला तिने हटकलं, "कलावती व्हायचंय का?" गोष्ट छत्तीसगडातही घरोघर ठाऊक, पोरगं हसत मागे फिरलं आणि द्रोण पुढे केला. शिरा पुरणारच नव्हता. शेवटच्या लोकांना चमचा-चमचा आला आणि तिथेच मागणी निघाली: पुढच्या वर्षी सगळ्यांना शिरा.

मी लगोलग स्टोअरचा मागणीअर्ज भरला. रवा साडेबारा किलो, साखर साडेबारा किलो, साजूक तूप साडेबारा किलो. खरेदी विभागाने तो दुसऱ्या दिवशी परत पाठवला. तुपाच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ आणि शेजारी शेरा: 'निम्म्यात भागेल का?' आईला वाचून दाखवलं.

"त्यांना विचार, सिमेंट निम्म्यात भागवतात का," ती म्हणाली. "सव्वाला दहाने गुणलंय, एक तोळाही कमी होणार नाही."

तेही लिहिलं. अर्जात आता एकच रकाना कोरा राहिला होता: 'माल तयार झाल्यावर तपासणी कोण करणार? नाव व हुद्दा.' चाखणार कुणीच नाही, तर इथे लिहायचं काय? मी पेन घेऊन आईकडे बघितलं.

"त्यात काय विचारायचं?" ती तुळशीची पानं धुता धुता म्हणाली. "नाव विश्वकर्मा लिही. हुद्दा त्यांना माहीत असेल."