रिव्ह्युअर नंबर दोन

संशोधनपत्रिकेचा संपादक आलेला पेपर दोघातिघांकडे तपासायला पाठवतो. त्यांतला पहिला ‘बरा आहे, छापा’ म्हणून मोकळा होतो. दुसरा म्हणजे आमचे सर.

या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि नावही छापून येत नाही. सर तर निवृत्त झालेले, बढतीचाही प्रश्न नाही. तरी ‘रिव्ह्यू कराल का?’ असा मेल आला की ते मिनिटाच्या आत होकार कळवतात आणि मग चार महिने गप्प बसतात. मुदत २१ दिवसांची असते. पहिला रिमाइंडर सर वाचतात, दुसरा काकूंना वाचून दाखवतात, आणि तिसरा आला की ‘अडलंय त्यांचं माझ्यावाचून’ म्हणत लाल पेन काढतात. पेपरची प्रिंट काढूनच तपासायचा. स्क्रीनवर चुका लपून बसतात, असं त्यांचं मत.

लेखकाचं नाव सरांना दिसतं, सरांचं लेखकाला दिसत नाही. निदान तसा सरांचा समज आहे. पण त्यांच्या प्रत्येक रिपोर्टात ‘या विषयावरचं मूलभूत काम लेखकाने वाचलेलं दिसत नाही’ हे वाक्य असतं आणि त्याखाली पाच संदर्भ. पाचही एकाच आडनावाचे. तोंडावर बुरखा घ्यायचा आणि बुरख्यावर दाराची पाटी लावायची!

सरांचं दैवत हॉवर्ड रॉबर्टसन. ही कथा आम्ही विद्यार्थ्यांनी सत्यनारायणाइतक्या वेळा ऐकली आहे. १९३६ साली आइनस्टाइनने रोझनबरोबर ‘गुरुत्वीय लहरी नसतातच’ अशा अर्थाचा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे धाडला. संपादक टेट यांनी तो परीक्षकाकडे पाठवला आणि दहा पानी आक्षेप आले. आइनस्टाइन भडकले. छापण्याआधी परक्याला दाखवायला सांगितलं कुणी? पेपर त्यांनी परत घेतला. पुढे रॉबर्टसन प्रिन्स्टनला आले, आइनस्टाइनचे सहायक इन्फेल्ड यांच्याशी गप्पा मारता मारता चूक उलगडून दाखवली. पण तो परीक्षक मीच, हे काही बोलले नाहीत. लेख दुसऱ्या पत्रिकेत छापून आला तो निष्कर्ष बदलूनच. परीक्षकाचं नाव लोकांना कळलं २००५ साली. तोवर रॉबर्टसनना जाऊन ४४ वर्षं झाली होती. ‘याला म्हणतात संयम!’ इथे सर चष्मा पुसतात.

मागच्या पावसाळ्यात माझाही एक पेपर परत आला. पहिल्या रिव्ह्युअरच्या तीन ओळी, दुसऱ्याची सहा पानं. आक्षेप ३१. अकरावा एका स्वल्पविरामाबद्दल. एकोणिसाव्यात ते पाच संदर्भ.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर सर भेटले.

“काय रे, पेपरबिपर काही?”

“एक आलाय परत, सर. एक रिव्ह्युअर फारच खोलात शिरलाय.”

“अस्सं?” सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “अशी माणसं आता उरली नाहीत रे. कोण असेल, काही अंदाज?”

“छे! कसा येणार?”

सर इतके खूश झाले, की खाली उतरल्यावर अमृततुल्यात त्यांनी स्वतःहून दोन चहा सांगितले. वर क्रीमरोल. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं. सर तिथेच थांबते तर रॉबर्टसन झाले असते. पण शेवटच्या घोटाला त्यांना राहवेना.

“बाकी सोड. तो तक्ता दोन तेवढा बघ. टक्क्यांची बेरीज १०३ होतेय.”

घरी येऊन बेरीज केली. ती मी केली नव्हती, माझ्या दोन सहलेखकांनी केली नव्हती, ‘छापा’ म्हणणाऱ्या त्या भल्या माणसानेही केली नव्हती.

१०३च आली.