पहिल्याच भेटीत आंघोळ

ज्या माणसाशी मी पाच वर्षं रोज रात्री लढत होतो, त्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. लढाई बुद्धिबळाची, तीही फोनवरची. २०२० साली सगळं जग दारं लावून बसलं, तेव्हा मुलाने माझ्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं. त्यात हेतू इतकाच, की बाबांनी स्वयंपाकघरात येऊन फोडणीबद्दल सूचना देऊ नयेत. तिसऱ्या की चौथ्या डावाला त्या ॲपने माझी गाठ घालून दिली बुडापेस्टच्या एका निवृत्त ट्रामचालकाशी. मी निवृत्त बँक कर्मचारी, मुक्काम पोस्ट सांगली.

सांगलीच्या माणसाने बुद्धिबळ येत नाही म्हणणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने तांबडा रस्सा सोसत नाही म्हणण्यासारखं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी हयात घालवून अख्ख्या गावाला या खेळाचं वेड लावलं. माझ्या वाट्याला त्यातलं वेड पुरेपूर आलं, खेळ तेवढा राहून गेला.

नाव छापायचं नाही अशी त्याची अट आहे, म्हणून त्याला ट्रामवाला म्हणू. पहिल्याच दिवशी त्याने पूर्ण नाव लिहून पाठवलं होतं. त्यातला पहिला शब्द उचलून मी पाच वर्षं 'डिअर अमुक' लिहीत राहिलो. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, हे मला कळलं ते व्हिएन्नाहून निघालेल्या बसमध्ये, टूर मॅनेजरच्या तोंडून. म्हणजे पाच वर्षं मी त्या बिचाऱ्याला 'प्रिय देशपांडे' म्हणत होतो आणि तो ते चालवून घेत होता.

मनातल्या मनात मात्र तो माझ्या लेखी 'अरे-तुरे'तलाच. "अरे गाढवा, हत्ती काय तिथे ठेवतोस!" असं मी सांगलीत बसून त्याला मोठ्याने सुनावत असे. त्याच्याकडून उत्तर यायचं ते एकच. माझा एखादा मोहरा फुकट गेला, की पडद्यावर त्याच्या मोडक्या इंग्रजीतले दोन शब्द उमटायचे: "फार घाई."

सहलीत व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. चाळीस मराठी माणसं, आठ दिवस आणि शेवटच्या दिवशी 'मोकळा अर्धा दिवस'. संध्याकाळी सव्वासहाला बस सुटणार, न येणाऱ्याने विमानतळावर स्वखर्चाने पोहोचावं, असं मॅनेजरने तीनदा बजावलं होतं. मी ट्रामवाल्याला कळवलं. उत्तर आलं, "सकाळी दहा. सेचेन्यी स्नानगृह, बाहेरचं तळं. पांढरी मिशी, पटासमोर. पोहण्याचे कपडे आणणे."

सौ.ने ते दोनदा वाचलं. "अहो, पहिल्यांदा भेटतोय हा माणूस, आणि चहाला बोलवायचं सोडून आंघोळीला बोलावतोय?"

मी तिला समजावलं, की बुडापेस्टमध्ये लोक गरम पाण्यात छातीपर्यंत बसून बुद्धिबळ खेळतात आणि हे जगप्रसिद्ध आहे. तिने फक्त एक उसासा सोडला. लग्नाला अडतीस वर्षं झाली की नवऱ्याच्या बाबतीत जगप्रसिद्ध गोष्टींचंही नवल वाटेनासं होतं.

तिथे जायला भुयारी रेल्वे. आपल्या मेट्रोसारखी पाताळात उतरणारी नव्हे. रस्त्यावरून जेमतेम दोन डझन पायऱ्या उतरलं की फलाट, आणि खेळण्यातल्या वाटाव्यात अशा बुटक्या पिवळ्या गाड्या. हे प्रकरण १८९६ सालचं. हंगेरियन लोक या प्रदेशात आले त्याला हजार वर्षं झाली, म्हणून त्या साली त्यांनी भुयारी रेल्वे बांधून वाढदिवस साजरा केला. स्टेशनाचं नावच 'सेचेन्यी स्नानगृह'. बाहेर आलो तो समोर पिवळाधमक राजवाडा. १९१३ साली बांधलेला. म्हटलं, चुकलो. पण राजवाड्यातून लोक ओल्या केसांनी बाहेर येत होते.

सौ. बागेत बाकावर बसली. आमच्या गटातल्या नाशिकच्या वहिनी सोबतीला होत्या. मी आत गेलो. तिकिटाबरोबर मनगटाला एक पट्टा मिळतो. तो कपाटाला लावला की कपाट उघडतं. माझं उघडेना. पंधरा मिनिटांनी एका आजीबाईंनी दाखवून दिलं की मी शेजारच्या कपाटाशी झटत होतो.

आता कपड्यांबद्दल. कृष्णेच्या घाटावर आम्ही ज्या वेषात पोहायला शिकलो, तो युरोपात चालला नसता. म्हणून दारातल्याच दुकानातून पोहण्याची चड्डी घेतली होती. दुकानदार बाईंनी माझ्या पोटाकडे पाहून माप ठरवलं. पण पोट पुढे आणि कंबर खाली, हा भारतीय आराखडा त्यांच्या हिशेबात नव्हता. चड्डीला नाडी होती, ती पहिल्याच गाठीला आत पळाली. तेव्हा यापुढच्या सगळ्या प्रसंगांत माझा डावा हात कमरेवर आहे, असं वाचकांनी धरून चालावं.

बाहेर आलो तर मे महिन्याच्या गार सकाळी तळ्यावर वाफच वाफ. हे पाणी जमिनीखाली हजार मीटरहून खोल आहे, आणि वर येताना सत्तर अंशांहून गरम असतं. ते निववून, माणूस शिजणार नाही इतपत करून तळ्यात सोडतात. दोन पावलांत चष्म्यावर धुकं धरलं. मी चष्मा काढून ठेवला, आणि इथेच डाव हरलो. चष्म्याशिवाय मला बुडापेस्टमधले सगळेच पुरुष टकले, गोरे आणि पांढऱ्या मिशीचे दिसू लागले. फोटोवरून ओळखावं तर त्याच्या खात्यावर पिवळ्या ट्रामचा फोटो आणि माझ्या खात्यावर आमच्या गणपती मंदिराचा.

काठाच्या दगडी कट्ट्यावर पट मांडून एक पांढरी मिशी एकटीच बसली होती. मी पाण्यातून चालत गेलो, उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "डिअर फ्रेंड, सांगली!"

"इगेन," मिशी म्हणाली. इगेन म्हणजे हो, एवढं मी पाठ करून आलो होतो. मला भरून आलं. विमान कसं होतं, गुडघे कसे आहेत, मुलीचं लग्न कसं झालं, सगळं मी सांगून टाकलं. प्रत्येक वाक्याला इगेन. मी विचारलं, "ट्रामची आठवण येते?" इगेन. पाच वर्षांत प्रथमच हा माणूस माझ्याशी इतका सहमत होत होता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

डाव सुरू झाला. मी वजिराचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. माझ्या ट्रामवाल्याचं यावर ठरलेलं उत्तर म्हणजे बुडापेस्ट गँबिट. आधी घोडा काढायचा आणि दुसऱ्याच खेळीला एक प्यादं सरळ उदक सोडल्यासारखं पुढे करायचं. हा डाव पहिल्यांदा नोंदला गेला तोही १८९६ साली, याच गावात. पाच वर्षांत तो दुसरं काही खेळलेला मला आठवत नाही. पण आज समोरच्याने शहाण्या मुलासारखं आपलंही प्यादं दोन घरं आणून माझ्या प्याद्यासमोर उभं केलं. म्हटलं, पाहुण्याचा मान ठेवतोय. तेविसाव्या खेळीला माझ्यावर मात झाली. एका हाताने चड्डी आणि दुसऱ्या हाताने राजा सांभाळत मी पट बघत राहिलो.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "फार घाई."

वळून पाहिलं. पाण्यात छातीपर्यंत उभे एक उंच, ताठ गृहस्थ. भरघोस मिशी, सत्तरी कधीच ओलांडलेली, चेहरा जुन्या हेडमास्तरांसारखा. मनातल्या 'अरे गाढवा'ची जीभ जागच्या जागी वळली. इथून पुढे ते ट्रामवाले आणि अहो-जाहो.

ते वीस मिनिटं मागे उभे होते म्हणे. मी म्हटलं, मग हाक का नाही मारलीत? ते म्हणाले, डाव चालू असताना बघ्याने बोलायचं नसतं. बघ्याला त्यांच्याकडे 'किबिट्स' म्हणतात, आणि किबिट्सला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही, अशी म्हणच आहे. आमच्या सांगलीत बघेच डाव खेळतात, खेळणारे फक्त मोहरे उचलतात. मी विचारलं, मला ओळखलंत कसं? "घोड्यावरून. पाचव्या खेळीला तुमचा तो घोडा बाहेर पडला. तोंड माहीत नव्हतं. घोडा पाच वर्षं ओळखतो."

मी गहिवरून मिठी मारली. एका हाताने.

इगेनवाले आजोबा पट आवरून निघाले. जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाले, "हेलो." मी चक्रावलो. ट्रामवाल्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे भेटताना 'सिया' म्हणतात, तो कानाला इंग्रजीतल्या निरोपासारखा लागतो. निरोप घेताना मात्र 'हेलो' चालतं. म्हणजे आजोबा माझा अतिशय रीतसर निरोप घेत होते.

पहिली दहा मिनिटं आम्हाला बोलायला काही सुचेना. रोज रात्री भेटणारी दोन माणसं, आणि पाण्यात उभी राहून हवामानावर बोलतायत. मग ट्रामवाल्यांनी आपला पट मांडला आणि जीव भांड्यात पडला. त्यांनी वजीर उचलून दाखवला, "व्हेझेर." मी ओरडलोच, "वजीर!" त्यांच्या भाषेत व्हेझेर म्हणजे पुढारी. मग एकेक मोहरा वर निघू लागला. हत्तीला ते 'बास्त्या' म्हणतात, म्हणजे बुरूज. आमच्या उंटाला 'फुतो', म्हणजे धावणारा. उंट तिरका का चालतो, या त्यांच्या प्रश्नाला मी म्हटलं, तुम्ही उंट पाहिलेला नाही म्हणून विचारता.

मग घराण्यांवर आलो. पोल्गार बहिणींचं नाव घेताना त्यांची मान आपोआप ताठ झाली. वडिलांनी तिघींना घरीच शिकवलं. १९८८ च्या ऑलिंपियाडमध्ये हंगेरीच्या सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींच्या संघात त्या तिघी बहिणीच. धाकटी युदित १९९१ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा विक्रम मोडला. मी म्हटलं, थांबा, आमच्या मुंबईतही तीन बहिणी होत्या: वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली वासंतीने जिंकली, आणि पुढची कित्येक वर्षं ते अजिंक्यपद त्या घराबाहेर गेलं नाही. "वडील काय करत?" वर्तमानपत्राचे संपादक. ट्रामवाले मिशीत हसले, "मग बरोबर. संपादकाच्या घरात बोलण्यात जिंकता येत नाही. पटावरच जिंकावं लागतं."

मग मी हळूच सप्टेंबर २०२४ काढला. ऑलिंपियाड बुडापेस्टमध्ये, आणि खुला व महिला, दोन्ही गटांची सुवर्णं भारताची. एका संघात आमच्या नाशिकचा विदित गुजराथी, दुसऱ्यात नागपूरची दिव्या देशमुख. "माहीत आहे," ट्रामवाले म्हणाले. "घरी येऊन दोन्ही ताटं घेऊन गेलात." आणि त्यांनी मला एकोणीस खेळ्यांत मात दिली. अर्थात बुडापेस्ट गँबिट.

दुपारी सौ. आणि वहिनींना घेऊन आम्ही लांगोशच्या टपरीवर गेलो. लांगोश म्हणजे ताटाएवढी तळलेली पुरी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. सौ.चा अभिप्राय: "पुरी चांगली आहे, पण तिच्यावर एवढा संसार कशाला?" मग भेटींची देवाणघेवाण. त्यांनी सेगेदची पाप्रिका आणली होती. म्हणजे लाल मिरचीची पूड. मी आणली होती सांगलीची हळद. दोन निवृत्त माणसं पाच वर्षांनी भेटतात आणि एकमेकांना मसाल्याच्या पुड्या देतात! सौ.ने पिशवीतून भडंगाचं पाकीट काढलं. ट्रामवाले म्हणाले, आम्ही पाप्रिकेच्या देशातले, तिखटाचं आम्हाला काय सांगता! आणि मूठभर तोंडात टाकलं. त्यांच्या पाप्रिकेच्या डब्यावर 'एदेश' लिहिलेलं असतं, म्हणजे गोड, हे मला नंतर कळलं. त्यांना मात्र भडंग म्हणजे काय ते लगेच कळलं. डोळ्यांतून पाणी, मिशीला मुरमुरा चिकटलेला, आणि तशाही अवस्थेत पाठीचा कणा ताठ.

त्यावर उतारा म्हणून बिअर आली. मी ग्लास भिडवायला पुढे केला, तर त्यांनी आपला मागे घेतला. १८४९ साली ऑस्ट्रियाने तेरा हंगेरियन सेनानींना मृत्युदंड दिला, तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास भिडवले अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून दीडशे वर्षं बिअरचे ग्लास भिडवायचे नाहीत असं ठरलं म्हणे. मी हिशेब केला, मुदत १९९९ लाच संपली. "संपली," ते म्हणाले, "पण मनाला कोण सांगणार?"

म्हणून त्यांनी पालिंका मागवली. ती फळांची, जहाल दारू. कारण एक विधी उरला होता. त्यांच्या भाषेतही तू आणि तुम्ही आहे. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं तर वयाने मोठ्याने तसं सुचवायचं, आणि मग दोघांनी कोपरात कोपर अडकवून एकेक प्याला घ्यायचा. याला 'पेर्तु' म्हणतात. मोठे तेच होते. सौ.ने झाडाकडे पाहिलं, मी डोळे मिटले, आणि पेर्तु झालं. घशातून जाळ गेला. ट्रामवाल्यांनी मराठीतलं 'तू' माझ्याकडून घोकून घेतलं आणि पहिला प्रयोग केला तो सौ.वर. "तू," तिच्याकडे बोट करून ते म्हणाले, "गुड भडंग." अडतीस वर्षांत मला जे धाडस झालं नव्हतं, ते त्यांनी तीस सेकंदांत केलं. सौ. म्हणाली, "बघा, परक्या माणसाला चव कळते."

सव्वासहाला दोन मिनिटं असताना आम्ही बस गाठली. ट्रामवाला फुटपाथवर उभा होता. पाहिलंत ना, तो होता. "हेलो," तो म्हणाला. मी म्हटलं, "हेलो रे."

आता रात्रीचे डाव पुन्हा सुरू आहेत. त्याने हळद घालून सूप केलं, ते पिवळं झालं, ट्रामसारखं. आमच्या घरी पाप्रिका पोह्यांवर पडते. ऑनलाइन मित्राला परगावी भेटायला निघालेल्या वाचकांना अनुभवाचं सांगतो: चष्मा काढू नका, चड्डीची नाडी आधी ओढून बघा, भडंग कमी तिखटाचं घ्या, आणि घोडा पाचव्या खेळीला बाहेर काढू नका. मी कालच पुन्हा काढला.