जिन्याखालची वहिवाट : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दादर, माटुंगा किंवा गिरगावातल्या पागडीच्या इमारतीत शिरल्याबरोबर जी जागा लागते, तिला कुणी पॅसेज म्हणतं, कुणी लॉबी. कायद्याने ती घरमालकाची, वापराने सर्व भाडेकरूंची आणि प्रत्यक्षात ज्याने तिथे सर्वांत आधी कपाट ठेवलं त्याची. ते कपाट आपलं असावं, एवढ्याच सद्हेतूने पुढील सूचना केल्या आहेत.

आधी जागेचा अभ्यास करावा. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईला हवा-उजेडाची फार काळजी वाटू लागली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि खोलीत पुरेसा उजेड पडावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचं गणितही मांडलं. तेव्हा बांधणाऱ्यांचा हात सढळ होता. दारातून शिरलं की चार पावलं मोकळी, जिना रुंद, जिन्याखाली तिरपा कोनाडा. ही हवा प्लेगच्या काळात ठीक होती. आज दादरमध्ये चौरस फुटाचा भाव काय आहे, हे माहीत असलेल्या माणसाने ती नुसती खेळू देणं म्हणजे उधळपट्टी आहे.

इमारत १९३०च्या दशकातली असेल तर खाली मोझॅइकची फरशी, तिला काळी किनार आणि दाराच्या जाळीत उगवता सूर्य असण्याचा संभव आहे. मग अधूनमधून वास्तुकलेचा एखादा विद्यार्थी फोटो काढायला येतो आणि किनार झाकली गेली म्हणून हळहळतो. त्याला चहा द्यावा. कपाट हलवू नये.

थेट कपाटापासून सुरुवात करणं ही नवशिक्यांची हमखास चूक. सुरुवात छत्रीने करावी, तीही जूनमध्ये. ओली छत्री घरात नेली तर फरशी भिजते, हे कुणालाही पटतं. छत्री अडकवायला खिळा लागतो आणि खरं महत्त्व या खिळ्यालाच आहे. ऑक्टोबरात छत्री वर जाते, खिळा राहतो. दिवाळीच्या सुमारास त्यावर रद्दीची पिशवी येते. ती भिंतीला घासून रंग जातो, म्हणून इमारतीच्याच हितासाठी पिशवीखाली स्टूल ठेवावं. स्टुलाला चार पाय असतात, म्हणजेच तुम्ही जमिनीवर उतरलात. स्टुलाचं कपाट व्हायला मग एखाद्या लग्नाचं निमित्त पुरतं. “कार्य होईपर्यंत ठेवतोय हं, काकू.” कोणतं कार्य, हे सांगू नये.

ज्यांच्याकडे कपाट नाही त्यांनी बंद पडलेली स्कूटर वापरावी. तिला करड्या रंगाचं कव्हर घालून वर दोरी आवळावी. कव्हराखाली काय आहे हे कळेनासं झालं की लोक त्याला इमारतीचा भाग समजू लागतात. स्कूटर परदेशी गेलेल्या मुलाची असणं उत्तम. तो आला की बघू, असं म्हणता येतं. तो येतो, बघतो आणि परत जातो.

“हे कुणाचं?” या प्रश्नाला “माझं” असं उत्तर कधीही देऊ नये. “आमच्या अण्णांचं” असं म्हणावं. अण्णा हयात नसतील तर आवाज किंचित खाली आणावा, विचारणारा पुढे काही बोलत नाही. देवाची तसबीर लावून तिच्यावर झिरोचा लाल बल्ब सोडण्याचा मार्गही आहे, पण तो मी सुचवणार नाही. एक तर तो फार सोपा आहे, आणि दुसरं म्हणजे समोरच्या भिंतीवर दुसरी तसबीर येते आणि मग आरतीच्या वेळेवरून बैठक घ्यावी लागते.

जिन्यातल्या दिव्याचं धोरण मात्र नीट समजून घ्यावं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारण १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली. त्यामुळे अनेक इमारतींत आजही महिन्याचं भाडं दुधाच्या बिलापुढे लाजतं. एवढ्या उत्पन्नात मालक बल्ब बदलणार नाही, आणि ‘तो मालकाने बदलायचा’ या तत्त्वावर भाडेकरूही बदलणार नाहीत. हा अंधार तुमच्या उपयोगाचा आहे. दुसऱ्या मजल्यावरचा एखादा उत्साही तरुण स्वखर्चाने बल्ब लावू लागला, तर मालकाची जबाबदारी अशी अंगावर घेणं पुढे कोर्टात कसं महागात पडेल, हे त्याला प्रेमाने समजवावं.

आगीसंबंधीचा २००६चा राज्याचा कायदा आहे, आणि बाहेर पडायची वाट मोकळी असावी ही अपेक्षाही आहे. त्यावर वाद घालू नये. एखाद्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या नानांना स्ट्रेचरवरून उतरवायची वेळ आली, तर सर्वांत आधी तुम्ही खाली धावावं आणि “जरा तिरकं घ्या, डावीकडे स्कूटर आहे,” अशी सूचना मोठ्याने करावी. अडचणीच्या वेळी धावून येणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं. स्कूटर कुणाची, हे त्या रात्री कुणी विचारत नाही.

इमारत ३० सप्टेंबर १९६९पूर्वीची असल्याने उपकरप्राप्त असेल, तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ कधीतरी छताला टेकू लावून जातं. हे टेकू तात्पुरते असतात. तुमचं कपाटही तात्पुरतं आहे, तेव्हा दोघांनी एकमेकांच्या आधाराने राहावं. दोन टेकूंमध्ये दोरी छान बसते, फक्त ओली चादर त्यावर घालू नये, भार पडतो.

आता पुनर्विकास. विकासकाचा माणूस फीत घेऊन मापं काढायला येईल, त्या दिवशी कपाटावर हात ठेवून उभं राहण्यात अर्थ नाही. निवासी भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट मिळतात ते खोलीबद्दल, खिळ्याबद्दल नाही. याच जिन्याखाली तुमच्या कपाटाला खेटून बसणाऱ्या इस्त्रीवाल्याकडे मात्र कदाचित वडिलांच्या नावाची भाडेपावती निघेल, आणि ज्याला तुम्ही रोज “जरा सरकून बस” म्हणत होतात, त्याचा गाळा नकाशावर उमटेल. वहिवाट आणि पावती यांतला हा फरक उशिरा कळतो. त्याच्याशी आतापासूनच गोड बोलावं.

करार झाला की सामान संक्रमण शिबिरात न्यावं लागतं. टेम्पो भरताना स्कूटर सर्वांत शेवटी चढवायला सांगावं, म्हणजे तिकडे पोचल्यावर ती सर्वांत आधी उतरते. जिना कुठे आहे, हे आदल्या दिवशी जाऊन पाहून यावं.